बाराव्या मुलीचे नाव

मलकापूरला आगगाडीतून उतरायचे, मोताळ्यावरून जाणारी एस. टी. धरायची आणि राजूरचा घाट चढून बुलडाण्यात शिरायचे, हा माझा दिवाळीचा रस्ता. नोकरीने मला पुण्याचा करून टाकले, पण घाटमाथ्यावरची गार झुळूक अंगावर आली की मी पुन्हा इथला होतो. आईवडील गेले, जुना वाडा विकला; आता माझे माहेर म्हणजे माझी थोरली बहीण. पुरुषाला माहेर नसते असे कोण म्हणतो?

२०२४ च्या दिवाळीत मी असाच ताईकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई, तिची दहा वर्षांची नात आणि मी असे तिघे शेतावर गेलो. सोयाबीनची सुडी लावून ठेवलेली होती. आभाळाचा भरवसा नव्हता, म्हणून सुडीवर एक भला मोठा फ्लेक्स अंथरून त्याच्या कडांवर धोंडे ठेवले होते. त्या फ्लेक्सवरून एक तरुण खेळाडू, हातात धनुष्य घेऊन, आमच्याकडे पाहत होता. 'हार्दिक अभिनंदन' ही अक्षरे निम्मी दुमडली होती आणि खेळाडूचे नाव नेमके घडीत गेले होते. अभिनंदन करणाऱ्यांचे चेहरे मात्र शाबूत होते. मी मोजले, अकरा भरले.

"लय मजबूत कापड हाये भाऊ," सालदार कौतुकाने म्हणाला. "दोन पावसाळे काढले यानं."

"हा खेळाडू कोण रे?" मी विचारले.

सालदाराच्या आधी नातच बोलली, आणि तेही माझ्या अज्ञानाची कीव केल्यासारखी : "मामाआजोबा, तुम्हाला माहीत नाही? प्रथमेश जावकर!"

नाव मला माहीत होते. चेहरा ओळखला नव्हता. नात स्वतः वर्षभर धनुर्विद्येच्या वर्गाला जात होती, त्यामुळे घरी येईपर्यंत तिने माझी पुरती शिकवणी घेतली. वाचकांतही माझ्यासारखे कोणी असतील, म्हणून तिने सांगितलेले थोडक्यात सांगतो.

या खेळातल्या धनुष्याला 'कंपाउंड' म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. लक्ष्य पन्नास मीटरांवर. त्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाचा व्यास अवघा आठ सेंटिमीटर. तिथे बाण लागला तर दहा गुण. सामन्यात प्रत्येकाला पंधरा बाण, म्हणजे पूर्ण गुण दीडशे. मे २०२३ मध्ये चीनमधल्या शांघाय येथे विश्वचषकाच्या स्पर्धेत एकोणीस वर्षांचा हा बुलडाण्याचा मुलगा अंतिम सामन्यात उभा राहिला. समोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, त्या वेळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा धनुर्धर. त्याने दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस गुण केले. प्रथमेशने केले एकशे एकोणपन्नास. पंधरा बाणांत एकच गुण गमावून सुवर्णपदक! त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोऊ येथील आशियाई खेळांत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्या जोडीने त्याने दक्षिण कोरियाचा २३५ विरुद्ध २३० असा पराभव करून सांघिक सुवर्णपदक मिळवले. कोरियाला धनुर्विद्येत हरवायचे म्हणजे काशीच्या पंडिताला संस्कृतात चूक दाखवायची.

आणि तो एकटाच नव्हे. बुलडाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ साली चीनमध्येच, चेंगडू येथे, जगभरच्या पोलीस आणि अग्निशामक दलांच्या क्रीडास्पर्धेत धनुर्विद्येची सुवर्णपदके जिंकली होती. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड प्रकारातली स्त्री-पुरुष मिश्र जोडीची स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. घाटमाथ्यावरच्या मुलामुलींच्या डोळ्यांत काय स्वप्ने असतील, ते मी सांगायला नको.

हे सगळे सांगून झाल्यावर नातीने एक प्रश्न विचारला. मुले प्रश्न सहज विचारतात आणि आपली झोप घालवतात.

"मामाआजोबा, फ्लेक्स तर फाटतो. मग खेळाडूंचं नाव पक्कं कुठे लिहितात?"

"पेपरात येतं की. इंटरनेटवरही असतं."

"तसं नाही. आपल्या गावात. भिंतीवर. तुमचं कसं शाळेत लिहिलंय, तसं."

मी ताईकडे पाहिले. ताई अनारशाचे पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

वाचकहो, इथे मला एक कबुली दिली पाहिजे. ज्या शाळेत आम्ही भावंडे शिकलो (नाव सांगत नाही, कारण तशा शाळा महाराष्ट्रात हजार असतील) तिच्या मोठ्या दालनात एक काळा लाकडी फलक आहे. त्यावर पिवळ्या रंगाने, सुबक अक्षरांत, दर वर्षी एस. एस. सी. ला पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे नाव लिहिलेले आहे. १९७४ सालच्या ओळीत माझे नाव आहे. लग्न झाल्यावर मी बायकोला तो फलक दाखवायला नेले. पुढे मुलांना नेले. मागच्या वर्षी या नातीलाही नेले होते.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती खो-खो खेळायची, आणि कशी! खांबाला वळसा घालताना ती दिसायचीच नाही, नुसती वेणी दिसायची. १९७० साली तिच्या चमूने आंतरशालेय स्पर्धेत जिल्हा जिंकला आणि पुढच्या फेरीसाठी मुली अकोल्याला गेल्या. चषक आला. तो हेडमास्तरांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात बसला. त्यावर शाळेचे नाव होते, साल होते. मुलींची नावे कुठेच नव्हती. मी तेव्हा बारा वर्षांचा. चषक पुसणाऱ्या कारकुनांना मी विचारले, "ताईचं नाव फलकावर कधी लिहिणार?" ते हसून म्हणाले, "खेळणाऱ्यांची नावं लिहायची तर भिंत पुरायची नाही, बाळ. तू अभ्यास कर."

मी अभ्यास केला. पुढे माझे नाव त्या भिंतीवर चढले तेव्हा मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. चौपन्न वर्षे विचारला नाही.

रात्री मुले फटाके उडवायला बाहेर गेली तेव्हा मी ताईला म्हटले, "तुमच्या चमूत कोण कोण होत्या, आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" ताई बोटे मोडत सांगू लागली. खो-खोत मैदानात नऊ आणि जादा तीन, अशा बारा. तिने नऊ नावे एका दमात घेतली. कोण कुठे दिली, कोणाला किती मुले, कोण राहिली नाही, तेही सांगितले. मग जादा मुलींपैकी दोन सांगितल्या. आणि थांबली.

"बारावी होती," ती म्हणाली. "उंच होती. निळी रिबीन. अकोल्याला तिला एकही डाव मिळाला नाही. आम्हा सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली होती, आणि मी पडले तेव्हा माझ्या गुडघ्याला आयोडीन तिनंच लावलं." ताईने लुगड्याचा पदर वर करून मला गुडघ्यावरचा वण दाखवला. "वण आहे बघ. नाव गेलं."

मला वाटले, ताई आता हसण्यावारी नेईल. पण सत्तरीला आलेली माझी बहीण रात्रभर त्या नावासाठी तळमळत राहिली. पहाटे मला उठवून विचारते, "'स' वरून होतं का रे?"

त्या प्रश्नाने मला वाचनाच्या नादी लावले. इंग्रजीत ज्याला 'हॉल ऑफ फेम' म्हणतात, त्याला आपण कीर्तिदालन म्हणू. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाऊन नावाचे एक खेडे आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम गावाएवढी. तिथे १९३९ साली बेसबॉल या खेळाचे कीर्तिदालन उघडले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९३६ मध्ये, पहिले पाच मानकरी मतदानाने निवडले होते. नियम असा की क्रीडालेखकांच्या मतांपैकी शेकडा पंचाहत्तर मते पडल्यावाचून दार उघडत नाही. आज बेसबॉल म्हटले की लोक त्या खेड्याचे नाव घेतात.

त्याही मागे जायचे तर प्राचीन ग्रीसमधल्या ऑलिंपियाला जावे लागेल. रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो की तिथे विजेत्यांचे पुतळे उभारण्याची रीत होती. पण जो तीनदा जिंकेल त्याच्याच पुतळ्याला त्याचा स्वतःचा हुबेहूब चेहरा मिळे. दुसरी रीत मला फार आवडली. स्पर्धेत लबाडी करणाऱ्यांना दंड होई आणि त्या दंडाच्या पैशातून झ्यूस देवाच्या ब्राँझच्या मूर्ती घडवून मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर मांडत. इसवी सनापूर्वी ३८८ मध्ये प्रतिस्पर्ध्यांना लाच देणाऱ्या एका मुष्टियोद्ध्यापासून ही सुरुवात झाली. प्रत्येक धावपटूला त्या मूर्तींसमोरून मैदानात जावे लागे. त्या मूर्तींचे चौथरे आजही तिथे आहेत.

आपल्याकडे स्मरण ठेवण्याची वृत्ती नाही असे मी म्हणणार नाही. ज्या जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे आणि जिजाऊंच्या जन्मदिनी, १२ जानेवारीला, जिथे माणसांचा पूर लोटतो, त्या जिल्ह्याला विसराळू कसे म्हणावे? पण खेळाडूंच्या बाबतीत आपली आठवण उशिरा जागी होते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग मिरवणूक संपली. खाशाबा पोलीस खात्यात नोकरी करीत राहिले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा क्रीडादिन म्हणून पाळायला २०२४ साल उजाडले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा बहात्तर वर्षांनी घरोघर पुन्हा खाशाबांचे नाव निघाले.

मुरलीकांत पेटकरांचेही तसेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या जवानाने १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षे हे नाव किती शाळांतल्या मुलांना ठाऊक होते?

अमरावतीचे उदाहरण तर आपल्या वऱ्हाडचेच. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेला आणि त्याने कबड्डीसारखे आपले खेळ जगाला दाखवले. ही हकीगत आज सांगता येते, कारण मंडळ टिकले आणि मंडळाने आपली आठवण टिकवली. संस्था असली की नाव राहते. एकट्या माणसाचे नाव वाऱ्यावर असते, फ्लेक्ससारखे.

पुण्यातले माझे एक शेजारी बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि भावनेच्या भरात वाहून जाणे त्यांना मंजूर नाही. त्यांना मी हे सारे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "दालन बांधण्याच्या पैशात पोरांना बूट घेऊन द्या. कंपाउंड धनुष्य लाखाच्या पुढे जातं म्हणता, मग ते घेऊन द्या. भिंतीवरच्या नावानं कोणाला पदक मिळालंय?"

बोलणे खरे आहे. बूट आधी, दालन मागाहून. पण मी म्हणतो त्याला संगमरवर लागत नाही. बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, जिथे मुले रोज खेळायला येतात तिथेच, एक भिंत असावी. तिच्यावर ऑइलपेंटने नाव, गाव, खेळ आणि साल लिहावे. जागतिक पदक हवेच असा हट्ट नको. चमू जिंकला तर जादा खेळाडूंसकट साऱ्यांची नावे. शिट्टी फुंकणाऱ्या शिक्षकाचे आणि शिक्षिकेचेही. अभिनंदन करणाऱ्यांचे नाव मात्र एकही नको, त्यांना फ्लेक्स पुरे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना शेकडा पाच जागा राखीव आहेत. त्यासाठी कोण केव्हा काय खेळले याची चोख नोंद कुठेतरी असावीच लागते. तीच सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर असली तर खोट्यालाही चाप बसेल. ऑलिंपियाच्या वाटेवरच्या मूर्तींचे काम आपल्याकडे ऑइलपेंट करील.

हे शेजाऱ्यांना पटले की नाही, कोण जाणे. पण ते म्हणाले, "रंगाचा एक डबा माझ्याकडून."

आता पुन्हा बुलडाण्याकडे वळतो, कारण गोष्ट तिथे अर्धी राहिली आहे. भाऊबीजेला ताईने मला ओवाळले. मी पाकीट पुढे केले. तिने ते बाजूला सारले.

"पैसे नकोत. शाळा उघडली की शाळेत जा आणि आमची बारावी शोधून दे. हीच ओवाळणी."

मी पुण्याला परतण्याचे तिकीट पुढे ढकलले. सुट्टी संपल्यावर शाळेत गेलो. आताचे मुख्याध्यापक माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी चहा दिला, फलकावरचे माझे नाव वाचून नमस्कार केला, आणि मी कशासाठी आलो ते ऐकून क्षणभर गप्प बसले. मग स्वतः माळ्यावर चढले. क्रीडाविभागाचा जुना कागद एकही नव्हता. स्नेहसंमेलनांचे अहवाल चाळले. त्यांत 'आमच्या मुलींनी उज्ज्वल यश संपादन केले' एवढे एकच वाक्य. कोणत्या मुलींनी?

शेवटी शिपायाने एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही झटकून आणली. ती होती १९७० सालची किरकोळ खर्चाची वही. एका पानावर नोंद होती : अकोला येथे खो-खो सामन्यांसाठी एस. टी. भाडे, गूळ-शेंगदाणे, आयोडीन बाटली एक. आणि खाली : प्रत्येक विद्यार्थिनीस भत्ता पन्नास पैसे. पैसे मिळाल्याबद्दल सह्या.

बारा सह्या होत्या.

गौरवासाठी जी नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, ती पन्नास पैशांच्या हिशेबासाठी शाळेने जपून ठेवली होती! पाचवी सही ताईची. पंधरा वर्षांच्या मुलीची, तिरकी, घाईची, जणू एस. टी. चुकेल. शेवटची सही ठळक आणि शांत. नाव 'स' वरून नव्हते.

मी त्या पानाचे छायाचित्र घेतले आणि शाळेच्या पायरीवरूनच ताईला फोन लावून नाव सांगितले. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ताई म्हणाली, "हो रे. हो. तीच." आणि फोन ठेवला.

ते नाव मी इथे छापत नाही. त्या बाई कुठे असतील, असतील की नाही, ठाऊक नाही, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांचे नाव मासिकात यावे हे ताईला मान्य नाही. ती सध्या जुन्या मैत्रिणींना फोन करून त्यांचे सासर शोधते आहे. मुख्याध्यापकांनी मात्र शब्द दिला आहे की काळ्या फलकाशेजारी दुसरा फलक लागेल. मी त्यांना म्हटले, "पहिली ओळ १९७० ची असू द्या." त्यांनी विचारले, "बाराही नावं?" मी म्हटले, "बाराही. आणि बारावीचं जरा ठसठशीत."

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० असे हरवले. मी पुण्यात आणि ताई बुलडाण्यात, दोघांनी तो सामना दूरदर्शन संचावर पाहिला. संपल्याबरोबर तिचा फोन आला. मला वाटले, मुलींच्या धावण्याचे कौतुक करील, सूर मारण्याबद्दल बोलेल.

"पाहिलंस ना?" ताई म्हणाली. "बाकावर बसलेल्या मुलींनाही पदकं दिली. सगळ्यांना. मी मोजली."